आधी माप, मग कात्री : मॉन्टेग्यू बर्टनचा सूट इतका स्वस्त कसा पडायचा?

फोनच्या कॅमेऱ्यासमोर एक गिरकी घ्या, ॲप तुमचं माप घेईल आणि तुमच्याच अंगाचा शर्ट काही दिवसांत घरपोच येईल, अशा जाहिराती हल्ली सारख्या डोळ्यांसमोर येतात. भाषा अशी की हे याआधी कोणाला सुचलंच नव्हतं. शर्ट चांगला येतही असेल. पण माप एका गावात घ्यायचं, कपडा दुसऱ्या गावच्या कारखान्यात शिवायचा आणि किंमत रेडीमेडच्या आसपास ठेवायची, ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ती सर्वात मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली इंग्लंडमधल्या मॉन्टेग्यू बर्टननं. हा माणूस १९०० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, लिथुआनियातून एकटा तिथे आला होता.

बर्टनवर लिहिलेलं बरंचसं 'फेरीवाल्याचा सर झाला' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. त्याला १९३१ मध्ये 'सर' किताब मिळाला, हे खरं. पण त्यातून धंदा कसा चालला हे काही कळत नाही. शिलाई स्वस्त केली म्हणून सूट स्वस्त झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बर्टनची खरी करामत होती माल पडून न राहू देण्यात.

आधी माणसाची ओळख

मूळ नाव मेशे डेव्हिड ओसिन्स्की. जन्म १८८५, गाव कुर्क्लियाई. तेव्हाचा कोव्हनो प्रांत, रशियन साम्राज्यात. तिथल्या ज्यूंवर कुठे राहायचं, जमीन घ्यायची की नाही, यावर बंधनं होती आणि अधूनमधून दंगली व्हायच्या. त्या काळात लाखो ज्यू पश्चिमेकडे निघाले. इंग्लंडमध्ये शिरायला तेव्हा फारशी आडकाठी नव्हती. परदेशी लोकांना अडवणारा एलियन्स ॲक्ट आला १९०५ साली, म्हणजे ओसिन्स्की येऊन पाच वर्षं झाल्यावर.

सुरुवात दारोदार किरकोळ वस्तू विकण्यापासून. मग १९०३-०४ च्या सुमारास एका नातेवाइकाकडून १०० पौंड उसने घेऊन चेस्टरफील्ड या गावात कपड्यांचं दुकान. इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. या दुकानात सूट शिवले जात नव्हते, घाऊक व्यापाऱ्याकडून तयार सूट आणून विकले जात होते. म्हणजे कारखानदार होण्याआधी काही वर्षं तो दुकानदार होता. कोणता माप संपतो, कोणता वर्षभर धूळ खातो, हे त्यानं गल्ल्यावर बसून पाहिलं. पुढचा सगळा डोलारा याच अनुभवावर उभा आहे. नाव यथावकाश मॉन्टेग्यू बर्टन झालं आणि शेफील्ड, मग लीड्स असं करत धंद्याचं केंद्र सरकलं.

शिंपी, रेडीमेड आणि मधली वाट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या पुरुषाला सूट मिळवायचे दोन मार्ग होते. पहिला, चांगल्या मास्तरकडे जाणं. तो माप घेणार, कागदावर तुमचा स्वतंत्र नमुना काढणार, कच्च्या टाक्यांवर ट्रायल घेणार, उसवून पुन्हा शिवणार. सूट अंगावर बसायचा, पण गिरणीतल्या मजुराच्या आवाक्याबाहेर. दुसरा मार्ग रेडीमेडचा. स्वस्त, पण खांदा उतरलेला आणि बाही बोटांवर आलेली. सूट तर सगळ्यांनाच लागायचा. रविवारचं चर्च, लग्न, मयत, नोकरीची मुलाखत, सगळीकडे सूटच.

या दोन्हींच्या मधल्या वाटेला तिकडच्या धंद्यात 'होलसेल बिस्पोक' म्हणत : माप गिऱ्हाइकाचं, पण शिलाई कारखान्याची. हा प्रकार बर्टननं शोधला नाही. ब्रिटिश संसदेनं १९०९ मध्ये किमान मजुरीचा जो कायदा केला, त्यात हा धंदा नावानिशी आहे, म्हणजे तोवर तो चांगला रुळलेला होता. बर्टननं तो ४०० दुकानांवर पसरवला.

पडून राहिलेला माल

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

रेडीमेड सूटचं दुकान काढायचं आहे. छातीचे ३४ ते ४८ इंच असे, दोन-दोन इंचांच्या अंतरानं, आठ माप. प्रत्येकात बुटका, मध्यम आणि उंच, असे तीन प्रकार. शिवाय सडपातळ आणि पोट सुटलेला, असे दोन. झाले ४८. गिऱ्हाइकापुढे ४० कापडं ठेवायची असतील तर १,९२० सूट. कोटाची बटणं एका ओळीत की दोन, हेही हवं असेल तर ३,८४०. आणि एवढं करून प्रत्येक प्रकारचा एकच नग हाताशी! अशी ४०० दुकानं म्हणजे १५ लाख ३६ हजार सूट, पहिलं गिऱ्हाईक दारात यायच्या आधी शिवून, पैसे गुंतवून, टांगून ठेवायचे.

कोणी एवढं ठेवत नाही. मग दुकानदार काय करतो? कापडं कमी करतो, मापं कमी करतो. परिणाम असा की ज्याला हवं ते मिळत नाही आणि जे आहे ते कोणाला नको असतं. उरलेलं मोसम संपताना पडत्या भावानं काढावं लागतं आणि तो तोटा आधीच्या प्रत्येक सूटच्या किमतीत चढवलेला असतो. रेडीमेड घेणारा माणूस स्वतःच्या सूटबरोबर न खपलेल्या सूटचेही थोडे पैसे भरत असतो.

बर्टनच्या दुकानात टांगलेलं होतं ते फार थोडं. बाकी कापडाच्या तुकड्यांचे नमुने. खरं कापड लीड्सला, एका छपराखाली, ताग्यात. ६० ते ७० यार्डांच्या एका ताग्यात साधारण १७ ते २० सूट निघतात. त्यातला पहिला छाती ३६ चा आणि दुसरा ४६ चा निघाला तरी ताग्याला फरक पडत नाही. न कापलेल्या कापडाला माप नसतं आणि फॅशनही जरा उशिरानं लागते. भजीवाला डाळीचं पीठ भिजवून ठेवतो पण घाणा गिऱ्हाईक आल्यावरच काढतो, तसंच. पीठ उरलं तर संध्याकाळी चालतं, तळलेली भजी चालत नाहीत.

दुसरा फायदा रोकडीचा. गिऱ्हाईक ऑर्डर देताना काही रक्कम आगाऊ ठेवतं आणि बाकीची सूट नेताना देतं. कापड गिरणीकडून उधारीवर येतं. त्यामुळे प्रत्येक सूटमागे धंद्याचे स्वतःचे पैसे थोडेच दिवस अडकतात. धंद्यात रोज फिरणारा हा पैसा म्हणजे खेळतं भांडवल. ते जितकं कमी लागेल तितकं नवं दुकान लवकर काढता येतं. १०० पौंडांच्या उसनवारीवर सुरू झालेला धंदा पंचवीस वर्षांत ४०० दुकानांवर गेला, त्यामागे हा हिशोब आहे. १९२९ मध्ये कंपनीचे शेअर लोकांना विकले, तेव्हा दुकानांचा आकडा हाच होता.

फॉर्मवरून सूट कसा व्हायचा

दुकानातला माणूस छाती, कंबर, सीट, पाठीची लांबी, बाही, पॅन्टची आतली लांबी ही मापं टेपनं घेऊन ठरलेल्या फॉर्मवर लिहायचा. पण नुसत्या इंचांवर सूट बसत नाही. ४० छातीची दोन माणसं शेजारी उभी करा : एक पोक काढून चालतो, दुसरा छाती काढून. दोघांना एकच कोट घातला तर पहिल्याचा पाठीमागून वर चढतो आणि दुसऱ्याचा पुढून. म्हणून फॉर्मवर ठेवणही लिहायची : खांदे उतरते की चौकोनी, पाठ वाकलेली की ताठ, पोट पुढे, एक खांदा दुसऱ्याहून खाली. टेप धरण्यापेक्षा हे ओळखणं अवघड. ब्रँच मॅनेजरचं खरं कसब इथे लागायचं.

फॉर्म लीड्सला पोचला की कापड काढलं जायचं. सूटला साधारण साडेतीन यार्ड. आपल्याकडे कापडाच्या दुकानात सूट लेंग्थ सव्वातीन मीटर देतात, जवळपास तेवढंच. कापड आधी ओलाव्यानं आणि वाफेनं आकसवून घेतलेलं असायला हवं. ही पायरी चुकली तर पहिल्याच पावसात कोट अर्धा माप लहान होतो आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

मग कटर. तो प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्यानं नमुना काढत बसत नाही. जाड पुठ्ठ्याचे तयार नमुने टांगलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. फॉर्मला सर्वात जवळचा ब्लॉक घ्यायचा, कापडावर ठेवून खडूनं रेघ मारायची आणि जिथे फरक आहे तिथे रेघ सरकवायची. बाही पाऊण इंच जास्त, पाठ वाकलेली असेल तर मागच्या भागाला वरून थोडी लांबी, खांदा उतरता असेल तर रेघ खाली आणि त्याबरोबर मुंढाही, म्हणजे बाही जोडायचा घेर, खाली. मुंढा खाली घ्यायला विसरला की काखेत काचतं. सराव असलेल्या कटरला हे काम मिनिटांचं.

कापलेल्या भागांची गठडी बांधली जायची : कोट, वेस्टकोट आणि पॅन्टचे भाग, अस्तर, छातीत घालायचा कॅनव्हास, खिशांचं कापड, बटणं. प्रत्येक भागाला नंबराची चिठ्ठी. आता कोट एका विभागात जातो, वेस्टकोट दुसऱ्या, पॅन्ट तिसऱ्या. एक बाई फक्त खिसे बसवते, दुसरी कॉलर, तिसरी काज करते. मधेमधे इस्त्री, तीही पुढे हॉफमन प्रेस नावाच्या वाफेच्या यंत्रावर. पायानं दाबायचं, वरचा जबडा खाली येतो, वाफ सुटते. शेवटी नंबर जुळवून तिन्ही नग एकत्र आणायचे, तपासायचे आणि ज्या गावाहून फॉर्म आला त्या गावाला पाठवायचे.

घोटाळे कुठे व्हायचे, तर बहुतेक चिठ्ठीत आणि रंगात. चिठ्ठी गळाली की त्या बाहीचा मालक सापडत नाही. रंगाचं तर विचारू नका. एकाच नंबरचं कापड, पण दोन वेगळ्या घाण्यांत रंगवलेलं, तर दिव्याखाली सारखं दिसतं आणि उन्हात कोट-पॅन्ट वेगळे पडतात. म्हणून एका सूटचे सगळे भाग एकाच ताग्यातून, एकाच दिशेनं कापायचे, हा नियम मोडायचा नाही. लोकरीच्या कापडाची लव एका बाजूला झुकलेली असते. तुकडा उलटा ठेवून कापला तर तोच रंग गडद दिसतो.

"पण एकेक सूट वेगळा कापायचा तर महाग नाही का पडणार?"

पडतो. कापणी महाग पडते. पन्नास थर एकावर एक ठेवून एकदम कापणं आणि एकच थर हातानं कापणं, यात फरक असणारच. लीड्सच्या जॉन बॅरननं १८५८ च्या सुमारास लाकूड कापायच्या पट्टा-करवतीवरून कापड कापायची बँड नाइफ वापरात आणली, तेव्हापासून रेडीमेडवाल्यांना थरावर थर कापता येत होते. बर्टनच्या मापाच्या सूटला तो फायदा नाही.

मात्र सूटमधली बरीचशी मेहनत कापणीत नसते, शिवण्यात आणि इस्त्रीत असते. खिसा बसवणाऱ्या बाईला छाती ३८ आहे की ४४, याच्याशी काही देणंघेणं नसतं. तिला खिसाच बसवायचा. म्हणजे गिऱ्हाइकाचं वेगळेपण कटरच्या टेबलावरच संपतं. त्याच्यापुढे सगळे सूट सारखेच, आणि तिथे कारखान्याचा पूर्ण वेग मिळतो. थोडक्यात, एका पायरीवर जास्त खर्च केला आणि न खपलेल्या मालाचा सगळा तोटा वाचवला. सौदा फायद्याचा.

शिवाय कापड घ्यायला लांब जायचं नव्हतं. यॉर्कशायरच्या लोकरीच्या गिरण्या लीड्सच्या आसपासच. ४०० दुकानांची खरेदी एका हातानं होते तेव्हा भाव कोण ठरवतो, ते सांगायला नको.

किंमत किती? 'पाच गिनीचा सूट ५५ शिलिंगला' अशी त्याची जाहिरात असे. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा पाच गिनी म्हणजे १०५. जवळजवळ अर्धी किंमत. जाहिरातीतली तुलना कोणत्या शिंप्याशी, हे अर्थात जाहिरात करणाऱ्यानंच ठरवलेलं. तरी १९३० च्या दशकात धडधाकट पुरुष कामगाराला आठवड्याला साठ-सत्तर शिलिंग मिळायचे, हे लक्षात घेतलं की चित्र स्पष्ट होतं. आठवड्याच्या पगारात मापाचा सूट.

"ट्रायलशिवाय सूट बसेल कसा?"

पूर्ण बसायचा नाही. लंडनच्या सॅव्हिल रो या महागड्या शिंप्यांच्या रस्त्यावरच्या सूटशी त्याची बरोबरी कोणी केली तर ती जाहिरातबाजी. पण रेडीमेडशी तुलना केली तर खांदा, बाही आणि लांबी, या तीन ठिकाणी मोठा फरक पडायचा, आणि माणूस आरशात आधी हेच तीन पाहतो.

उरलेला फरक शिवणीतल्या दाबात सोडलेला असायचा. पाठीची मधली शिवण, बाजूच्या शिवणी आणि पॅन्टची मागची शिवण, इथे जादा कापड आत ठेवायचं. म्हणजे थोडं सैल किंवा घट्ट करणं जमतं. खांदा किंवा मुंढा मात्र चुकला तर दुरुस्ती नाही.

चुका बऱ्याचदा दुकानातच व्हायच्या. गिऱ्हाईक जाड स्वेटरवर माप देतं, टेप एक-दीड इंच जास्त दाखवतो. आरशासमोर उभं राहिलं की पोट आपोआप आत जातं, पॅन्ट आली की बटण लागत नाही. न बसणारा सूट परत आला तर तो दुसऱ्या कोणाला तरी स्वस्तात विकावा लागतो. म्हणून बर्टन दुकानातल्या माणसांना बारीकसारीक सूचना द्यायचा. त्यातली एक फार गमतीची आहे : गिऱ्हाइकाशी वागताना इन्कम टॅक्सवाल्यासारखा कडकपणा नको आणि भविष्य सांगणाऱ्यासारखा गोडवाही नको. मापं नीट हवी असतील तर गिऱ्हाईक सैलावून उभं राहायला हवं, हा त्यातला व्यवहार.

"स्वस्त सूट म्हणजे कामगारांची पिळवणूकच ना?"

याचं उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

लीड्सच्या लेलँड्स भागात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या लहान लहान कार्यशाळा होत्या. एक कोट, बरेच हात, प्रत्येकाला एकच काम. ही विभागणी कारखान्यांनी तिथूनच उचलली. पण त्या खोल्या कोंदट, तास लांब आणि मजुरी नगावर. मोसमात रात्र-रात्र काम आणि मोसम सरला की हात रिकामे. या प्रकारावर इतकी ओरड झाली की १८८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे १९०९ च्या कायद्यानं शिवणकामाला किमान मजुरी लागू झाली : बायकांना ताशी सव्वातीन पेन्स, पुरुषांना सहा. बारा पेन्सचा एक शिलिंग. पन्नास तास राबून बाईच्या हाती साडेतेरा शिलिंग. पुरुषाचा दर जवळपास दुप्पट. आणि शिलाईखात्यात बायकाच जास्त.

या पार्श्वभूमीवर लीड्सच्या हडसन रोडवरचा बर्टनचा कारखाना वेगळा होता, हे मान्य करायला हवं. १९३० च्या दशकात तिथे सुमारे १०,००० माणसं काम करत. कपड्यांचा एवढा मोठा कारखाना युरोपात दुसरा नव्हता. एका वेळी ८,००० जण जेवतील असं कॅन्टीन, दातांचे आणि डोळ्यांचे डॉक्टर, पेन्शनची सोय. मालक-कामगार संबंधांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यानं लीड्स, कार्डिफ आणि केंब्रिज विद्यापीठांत प्राध्यापकपदांसाठी पैसे दिले.

तरीही काम नगावरचं, दिवसभर एकच खिसा, आणि बायकांचा दर पुरुषांहून कमी, हे बदललं नाही. १९७० मध्ये लीड्सच्या कपडे कारखान्यांत हजारो कामगार, त्यात बहुसंख्य बायका, संपावर गेल्या. मागणी ताशी एक शिलिंग वाढीची.

या पद्धतीला स्वतःचा एक त्रासही होता. ऑर्डर आल्यावरच शिवायचं म्हटलं की मंदीच्या महिन्यांत आगाऊ माल करून ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये ईस्टर आणि त्यानंतर सात आठवड्यांनी येणारा व्हिटसन हे नवे कपडे घ्यायचे दिवस. त्याआधी कारखान्याला श्वास घ्यायला फुरसत नाही आणि नंतर मशीनं थंड. रेडीमेडवाल्याचा साठा गोदामात पडतो, तर मापावर शिवणाऱ्याचा भार कामगाराच्या रिकाम्या दिवसांवर पडतो. ही खाच सरकारी गणवेशांनी काही काळ भरली. दोन्ही महायुद्धांत बर्टननं गणवेश शिवले. दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटिश सैन्याच्या गणवेशांतला सुमारे चौथा हिस्सा त्याच्याकडचा, आणि युद्ध संपल्यावर सुटका झालेल्या सैनिकांना सरकारनं जे साधे सूट दिले, त्यातलेही पुष्कळ.

कोपऱ्यावरचं दुकान

दुकानांबद्दल थोडक्यात. बर्टनला गावातला मोक्याचा कोपरा हवा असायचा, जमलं तर स्वतःच्या मालकीचा. त्यावर एकाच साच्यातली, उंच खिडक्यांची इमारत. पायाच्या दगडांवर त्याच्या मुलांची नावं कोरलेली असत, ती ब्रिटनमधल्या जुन्या इमारतींवर आजही दिसतात. वरच्या मजल्यावर बऱ्याच ठिकाणी बिलियर्डचा हॉल : भाडं मिळतं आणि सूट घेण्याच्या वयाची पोरं रोज दारातून ये-जा करतात. मालकीची इमारत गहाण टाकता येते आणि त्या पैशातून पुढच्या गावचा कोपरा घेता येतो. शिलाईइतकाच हा जागेचा धंदाही होता.

१९४६ मध्ये त्यानं पीटर रॉबिन्सन हे स्त्रियांच्या कपड्यांसाठी नावाजलेलं डिपार्टमेंट स्टोअर विकत घेतलं. डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे एका छताखाली अनेक विभागांचं मोठं दुकान, आणि त्यात माल तयारच ठेवावा लागतो. बर्टनच्या मूळ पद्धतीच्या अगदी उलट.

"एवढं चांगलं होतं तर बंद का पडलं?"

बर्टन स्वतः सप्टेंबर १९५२ मध्ये लीड्समध्ये, जेवणानंतर भाषण करताना गेला. तेव्हा दुकानं ६०० च्या घरात होती. पुढच्याच वर्षी कंपनी न्यूकॅसलच्या 'जॅक्सन द टेलर'शी जोडली गेली आणि कारभार त्यांच्याकडे गेला.

मग लोकांनी सूट घालणं कमी केलं. वडिलांसारखा सूट पोराला नको होता. त्याला हवी होती जीन्स, स्वेटर, आजच्या आज घालता येईल असं काहीतरी. मापाची पद्धत मुंढा आणि खांदा असलेल्या, महाग आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या कपड्याला परवडते. टी-शर्टला लहान-मध्यम-मोठा एवढं पुरतं. त्यासाठी कोणी फॉर्म भरून दहा दिवस थांबत नाही. त्यात परदेशातली स्वस्त शिलाई. हडसन रोडची शिलाई टप्प्याटप्प्यानं थांबली.

कंपनी मात्र दुकानदारीवर तगली. पीटर रॉबिन्सनच्या शेफील्डमधल्या दुकानात १९६४ साली तरुण मुलींसाठी एक विभाग निघाला, त्याचं नाव टॉपशॉप. १९८५ मध्ये डेबनहॅम्स ही डिपार्टमेंट स्टोअरची साखळी घेतली, १९९८ मध्ये वेगळी केली, उरलेल्या कंपनीचं नाव आर्केडिया झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये आर्केडिया दिवाळखोरीत निघाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बूहू या ऑनलाइन कंपनीनं बर्टन, डोरोथी पर्किन्स आणि वॉलिस ही तीन नावं मिळून २.५२ कोटी पौंडांना घेतली. फक्त नावं आणि माल. दुकानं त्यात नव्हती. ज्या कोपऱ्यांवर सगळा धंदा उभा होता, तेच नको झाले होते.

मग आजची ॲप बर्टनच्याच वाटेनं चालली आहेत का?

बऱ्याच अंशी. कापड एका ठिकाणी, पैसे आधी, कापणी ऑर्डर आल्यावर. एकच थर कापण्याचं महाग काम आता संगणकावर चालणारं यंत्र करतं, त्यामुळे बर्टनची सर्वात दुखरी पायरी स्वस्त झाली आहे. आपल्याकडे रेमंडसारख्यांच्या 'मेड टू मेजर' दुकानांत तर मापाला माणूसही असतो.

ॲपमध्ये नेमका तोच नसतो. कॅमेऱ्याला इंच कळतात, पण एक खांदा खाली आहे का, हे सैल टी-शर्टमधून त्याला नीट दिसत नाही. म्हणून मोजणी अंगाला चिकटलेल्या कपड्यात, उजेडात, श्वास न रोखता द्यावी. हाताशी नीट बसणारा जुना शर्ट असेल तर तो सपाट पसरून खांद्याच्या एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत टेप लावावा आणि ॲपनं काढलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर ऑर्डर देऊ नये. कापड आधी आकसवलेलं आहे का आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारावं. शर्ट हातात आला की बाजूची शिवण उलटून बघा : आत अर्धा-पाऊण इंच कापड सोडलेलं असेल तर कोपऱ्यावरचा टेलरही तो सैल करून देईल. ओव्हरलॉक मारून, म्हणजे मशीनच्या टाक्यांनी कड बांधून, पाव इंचावर कापलेली असेल तर तो शर्ट फक्त आत घेता येतो.